दहापैकी नऊ

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, माझ्या रूममेटच्या नाही, ज्यांच्या घरात मी दोन वर्षं राहिले त्या काकूंच्या तर नाहीच. एकदा इथल्या देवळात हात जोडून उभी होते तेव्हा मनातल्या मनात सांगायला सुरुवात केली होती, पण मध्येच थांबले. देवाला माहीतच असणार, मग त्याला वेगळं काय सांगायचं — अशी सोयीची समजूत घातली आणि प्रसाद घेऊन बाहेर आले.

गोष्ट एका आकड्याची आहे. डेनीस नावाच्या एका बाईनं मला फोनवर एक आकडा सांगितला आणि मी दुसराच लिहिला. एवढंच.

नाही, एवढंच नाही. एवढंच असतं तर कधीतरी, कुणाकडे तरी मी बोलून गेले असते. त्याच्या पुढेही आहे, आणि ते मला एकदम लिहिता येत नाहीये. थोडं मागून यावं लागेल. तुम्ही म्हणाल आढेवेढे घेतेय. हो, घेतेय.

माझी आई मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथेच जायचे. वॉर्डाबाहेरच्या लाकडी बाकावर माझा सगळा अभ्यास झाला — पाढे, निबंध, पुढे बारावीचं बायोलॉजीसुद्धा. आतून आवाज यायचे. आई पाणी प्यायला बाहेर आली की सांगायची, "ती ओरडायली ना, तिला अजून येळ आहे. ओरडायला ताकद लागती. कोपऱ्यातली गप पडली, तिच्याकडं जाते आता." वीस वर्षांच्या कामातून आलेला तो अंदाज होता आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

घरात बायकांच्या गप्पांत कौतुक व्हायचं तेही गप्प राहणारीचंच. 'हूं की चूं केलं नाही पोरीनं' — याहून मोठं सर्टिफिकेट आमच्याकडे नव्हतं. माझ्या वेळी आईनं पदराचा बोळा दातात धरला होता, हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं आठवतं. ओरडणारीला मात्र नर्स बोलायची, कधी मांडीवर चापटही बसायची. आणि मी बाकावर बसून, दहा-अकरा वर्षांची मुलगी, मनात म्हणायचे — एवढं काय त्यात, नाटकं करतेय.

नाटकं. हा शब्द माझाच होता, आईचा नव्हे. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पुढे सार्वजनिक आरोग्य शिकायला मिशिगनला आले तेव्हा अर्जातच विचारलं होतं, घरातून कॉलेजात जाणाऱ्या तुम्ही पहिल्या का? मी त्या चौकोनात खूण केली. ती खूण करताना मला अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते. मी मन लावून शिकणारी, वेळेवर येणारी, सगळ्यांना सॉरी म्हणणारी मुलगी होते. माझ्याकडून काही वाईट होईल असं मला स्वतःला कधी वाटलंच नव्हतं.

पहिल्या सेमिस्टरमध्येच मला युनिव्हर्सिटीच्या एका प्रोजेक्टवर काम मिळालं. डेट्रॉइट आणि आसपासच्या बाळंतिणी हॉस्पिटलमधून घरी गेल्या की आम्ही त्यांना ठरलेल्या दिवशी फोन करायचो. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं — या देशात कृष्णवर्णीय बायका बाळंतपणात आणि नंतरच्या दिवसांत गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त दगावतात. शिकलेल्या आणि चांगल्या नोकऱ्यांतल्याही. कारणं बरीच आहेत, पण एक पुन्हा पुन्हा येतं — त्या 'दुखतंय' म्हणतात तेव्हा त्यांचं कुणी खरं मानत नाही. आमचं काम अवघड नव्हतंच. प्रश्न विचारायचे, आणि त्या सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं. 'जसंच्या तसं' हे शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्यातला एक प्रश्न डोकेदुखीचा. शून्य ते दहा, किती दुखतंय? बाळंतपणानंतर रक्तदाब चढला की डोकं दुखतं, आणि तिकडे दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आकडा सात किंवा त्याच्या वर गेला की स्क्रीनवर त्या बाईचं नाव लाल व्हायचं आणि आमच्या नर्सनं तासाभरात तिला फोन करायचा. सहा किंवा कमी असेल तर नाव पिवळं. म्हणजे तीन दिवसांनी पुन्हा माझाच फोन.

नर्सचं नाव मार्गरेट. साठीच्या घरातली, गोरी, मनानं खरोखर चांगली. पहिल्या थंडीत तिनं तिच्या मुलीचे जुने बूट मला आणून दिले होते. पण पहिल्या महिन्यात मी एकामागून एक नावं लाल करत गेले तेव्हा तिनं एकदा चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "आणखी एक नऊ? वर्षा, मी फोन केला तर ही बाई चिप्स खात टीव्ही बघत होती." हसून म्हणाली. आकडा कमी लिही, असं ती कधीच म्हणाली नाही. तिच्यावर काही ढकलण्यासाठी मी हे सांगत नाहीये. त्या हसण्यानं मी शरमले, आणि पुढचं मी ठरवलं.

मी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचे. काका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, काकू एका ऑफिसात. नात्यातले नव्हेत, पण जेवल्याशिवाय झोपू द्यायच्या नाहीत. एका शनिवारी घरी चार माणसं जेवायला होती आणि कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "डेट्रॉइटच्या बायका ना? अगं, त्यांचं सगळंच दहा असतं. आमच्याकडे एक आहे, शिंकली तरी सिक लीव्ह." मग माझ्याकडे बघून, "आणि तू टोपी घालत जा बाई. आणखी काळवंडलीस तर त्यांच्यातलीच समजतील तुला." सगळे हसले. मीही हसले.

मी काळीच आहे. लहानपणी त्यावरून जे ऐकलं ते मराठी वाचकांना सांगायला नको. मग मला तेव्हा काय वाटायला हवं होतं? आणि वाटलं काय — तर एक प्रकारचं बरं वाटलं. काकूंच्या टेबलावर मी 'त्यांच्यातली' नव्हते. ते मला हवं होतं. खूप हवं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एक बाई आठ म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता, ती कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होती. मला वाटलं, आठ दुखत असतं तर भांडी घासली असती का? मी सहा लिहिलं. तीन दिवसांनी फोन केला तर ती ठीक होती. मार्गरेटचा एक फुकटचा फोन वाचला आणि मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. मग तशी सवयच लागली. मनात मी तिला 'दुरुस्ती' म्हणायचे. आवाज मोठा असेल तर दोन कमी. मध्ये हसली, कुणाशी बोलली, तर तीन. किती वेळा केलं ते मी मोजलेलं नाही.

गोऱ्या बायकाही नऊ म्हणायच्या. त्यांचं मी काय केलं? नऊच लिहिलं. त्यांचे आवाज ऐकले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. दुरुस्ती मी फक्त कृष्णवर्णीय बायकांच्या आकड्यांत केली. एकही अपवाद नाही. ज्यांचं ऐकण्यासाठी ते काम होतं, त्यांच्याच.

आता डेनीस.

मार्च महिना, शुक्रवार, दुपारचे दोन. बाळंत होऊन तिला आठ दिवस झाले होते. दुसरी मुलगी. आधी एकदा आमचं बोलणं झालं होतं. सहावीच्या वर्गाला गणित शिकवते, हे तिनंच सांगितलं होतं, आणि तिचा पत्ता मी भराभर लिहून घेतला म्हणून 'माझ्या वर्गातली शोभशील' असं म्हणाली होती. त्या दिवशी मी आधी रक्तदाब विचारला. ती म्हणाली, मशीन सारखं एरर दाखवतंय, तुम्ही पाठवलेला पट्टा माझ्या दंडाला पुरतच नाही. मी लिहिलं — मोठा पट्टा पाठवणे. मग डोकेदुखी.

"दहापैकी?" ती म्हणाली. "हनी, वर्षभर मी पोरांना दहापैकी देते, आता मलाच द्यायला लावतेस." मागे बाळ रडत होतं, तिची बहीण त्याला घेऊन फेऱ्या मारत असावी. "नऊ. दहा दिले असते, पण पैकीच्या पैकी मी कुणालाच देत नाही."

आणि ती हसली. मीही हसले.

तिनं पुढेही सांगितलं. आदल्या दिवशी ती इमर्जन्सीत जाऊन आली होती. बाळ झोपू देत नाही म्हणून दुखतंय, असं म्हणून दोन गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं होतं. "आता परत गेले तर पुन्हा तेच म्हणतील. पण तुमच्या नर्सनं फोन केला तर त्यांना ऐकावं लागेल, हो ना?"

हे सगळं मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. माझं इंग्रजी कच्चं नाही, लाइन खराब नव्हती. तरी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं — नऊ दुखणारी बाई विनोद करते? वॉर्डाबाहेरच्या बाकावरून मला असल्या बायका लगेच ओळखू यायच्या, असा माझा समज होता. मी नऊतून तीन वजा केले. स्क्रीनवर तिचं नाव पिवळं झालं.

"मग आता कुणी फोन करेल ना मला?" तिनं विचारलं.

"हो, करतील," मी म्हणाले.

"बरं. फोन जवळच ठेवते."

ती फोन जवळ ठेवून बसली असेल. शुक्रवारची दुपार. शनिवार. मी तेव्हा काय करत होते? शनिवारी मी काकूंबरोबर भाजी आणायला गेले होते. मला ती एकदाही आठवली नाही.

सोमवारी ठरल्याप्रमाणे मी नंबर लावला. फोन बहिणीनं उचलला. मी नाव सांगितल्यावर तिनं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आज करताय?" रविवारी सकाळी डेनीस स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. स्ट्रोक. मोठी मुलगी, पाच वर्षांची, तिनं पाहिलं आधी.

डेनीस वाचली. हे मी घाईनं सांगतेय, कारण तुम्ही घाबरला असाल. पण ती वाचली हे मी माझ्या बाजूनं मांडू शकत नाही, त्यात माझं काहीच नव्हतं. उजवा हात गेला. बोलताना शब्द हरवू लागले. दोन महिने तिला बाळ उचलून घेता आलं नाही.

बहिणीनं तक्रार केली. तिचं म्हणणं साधं होतं — डेनीस नऊ म्हणाली, मी त्याच खोलीत होते, मी ऐकलं. आमचे फोन रेकॉर्ड होत नसत. प्रोजेक्टच्या तीन मोठ्या माणसांनी मला बोलावलं. तिथे जाईपर्यंत मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. जिना चढेपर्यंत ठरलेलं होतं. मग एकानं विचारलं, तिनं आकडा किती सांगितला होता?

सहा, मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. अशा प्रसंगी घरच्यांना राग येतो, आठवणीत गोंधळ होतो, असं एक जण हळुवारपणे म्हणाले. मला पाणी दिलं. मार्गरेटनं खांद्यावर हात ठेवला, आणि तुला यातून जावं लागलं याचं वाईट वाटतं, असंही म्हणाली. मी घाबरले होते. काम जाईल, व्हिसाचं काही होईल, आईला काय सांगू. घाबरले होते हे खरंय. पण मला एक गोष्ट तिथेच, त्याच खुर्चीत कळली होती आणि तरी मी गप्प राहिले — माझा आकडा त्यांनी जसाच्या तसा घेतला. माझ्या सहातून कुणी काही वजा केलं नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते अजून आलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, बाळंतपणाला सहा आठवडे झाल्यावरचा डेनीसचा ठरलेला फोन होता. एका बाईला शक्यतो एकाच माणसानं फोन करायचा, अशी पद्धत. म्हणजे मीच. मी आजारी आहे असं सांगू शकले असते. नाही सांगितलं. का? मला वाटतं, मला बघायचं होतं की तिला काय आठवतंय.

तिचा आवाज सावकाश झाला होता. प्रत्येक शब्द उचलून पाहून ठेवावा तसा. सगळे प्रश्न झाले. मग ती म्हणाली, "आता मी एक विचारू?"

विचारा, मी म्हणाले.

"माझी बहीण म्हणते मी नऊ म्हणाले. मलाही नऊच आठवतं. मार्कांबद्दल काहीतरी बोलले, तेसुद्धा आठवतं. पण कागदावर सहा आहे. आणि डॉक्टर म्हणतात, अशा झटक्यानंतर न घडलेल्या गोष्टी डोकं स्वतःच जुळवतं." ती थांबली. "हनी, तू होतीस त्या फोनवर. मी काय म्हणाले होते?"

खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता. हिवाळाभर बर्फ सारणाऱ्या गाडीनं ढकललेला ढीग एका कोपऱ्यात उरला होता, धुळीनं काळा झालेला, अर्धा विरघळलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"इथं सहा दिसतंय," मी म्हणाले.

"तिथं काय दिसतंय ते मला माहीत आहे. तुला काय आठवतं?"

किती वेळ गेला असेल? चार सेकंद? पाच? तेवढ्यात सगळं सांगून होण्यासारखं होतं. एका शब्दाचंच काम होतं.

"सहा," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "बरं. मग सहाच." थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, हात गेला तरी डोकं माझं माझ्याजवळ आहे."

तीच पुढे म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं काम केलंस."

हेच ते. मी आकडा बदलला, हा माझा अर्धाच गुन्हा आहे. उरलेला अर्धा हा, की ती बाई स्वतःच्या आठवणीला धरून उभी होती, आणि ती आठवण खरी होती, आणि तिनं ज्या एकाच माणसाला विचारलं त्यानं तिच्या हातातून ती काढून घेतली. पहिल्या वेळी मला परिणाम ठाऊक नव्हता. दुसऱ्या वेळी ठाऊक होता.

त्या रविवारी आईशी बोलताना मी तिला आडून विचारलं. एखादी बाई खूप दुखतंय म्हणते आणि हसतेसुद्धा, तर काय समजायचं?

"हसायली? मग भेली असंल," आई म्हणाली. "भेलेलं माणूस हसतंय की. पाय सुजले होते का तिचे?"

"फोनवर पाय कसे दिसणार, आई?"

"मग तू कशावरनं ठरवलंस?"

मी म्हणाले, पण तूच तर सांगायचीस, ओरडणारीला वेळ असतो म्हणून. आई म्हणाली, "अगं, ओरडणारीचे पाय मी आधी दाबून बघते. डोळे बघते. मग बाहेर येऊन म्हणते, येळ आहे." मग तिच्या आवाजात काहीतरी आलं. "वर्षे, कुणाचं काय झालं का?"

"नाही गं. क्लासमध्ये अशी एक केस होती," मी म्हणाले.

म्हणजे मी आईच्या नावावरही हे टाकू शकत नाही. मी बाकावर बसून तिचं निम्मंच काम शिकले. आत ती काय करत होती ते दारातून दिसत नव्हतं, आणि मी कधी उठून पाहिलं नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये प्रोजेक्टनं डेट्रॉइटमधल्या एका लायब्ररीच्या हॉलमध्ये गरोदर बायकांसाठी कार्यक्रम ठेवला होता. माझं शिक्षण संपलं होतं, मला तिथेच नोकरी लागली होती. हो, लागली. चांगल्या कामाबद्दल. मी दाराजवळच्या टेबलावर रक्तदाबाची मशीनं वाटत होते. आता आम्ही मोठे पट्टेही ठेवतो. तीस-पस्तीस बायका होत्या, काही आपापल्या आईला घेऊन आलेल्या. आणि बोलायला बोलावलं होतं डेनीसला.

ती अजून शाळेत परत गेलेली नाही. फळ्यावर लिहिता येत नाही, आणि वर्गासमोर शब्द हरवला की पोरं गप्प होतात ते सहन होत नाही, असं ती म्हणाली. मग डाव्या हातानं मार्कर धरून तिनं पांढऱ्या फळ्यावर एक आकडा काढला. वेडावाकडा, पहिलीतल्या मुलानं काढावा तसा. सहा.

"हा माझा आकडा," ती म्हणाली. "माझं नऊ दुखत होतं आणि मी सहा सांगितलं. का सांगितलं, ते मला आठवत नाही. मी खूप आठवून बघते. बहुतेक, कुणी नाटकं म्हणू नये म्हणून सांगितलं असेल. तुम्ही असं करू नका. नऊ असेल तर नऊ म्हणा. माझी चूक तुम्ही करू नका."

पुढच्या रांगेतली एक पोर, विशीतली, पोटावर वही ठेवून ते लिहून घेत होती.

मग डेनीसनं मला पाहिलं. हात वर करून म्हणाली, ती बघा, ती मला दर वेळी फोन करायची. चांगली मुलगी आहे. बायका वळल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी काय केलं? मी हात जोडले आणि हसले.

टाळ्या वाजत असताना डेनीसची बहीण टेबलापाशी आली. दीड वर्षाची मुलगी कडेवर होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "मी खोलीत होते."

तिच्या मागे रांग लागली होती. मी एक मशीन उचललं आणि विचारलं, "पट्टा कोणत्या साइजचा देऊ?"

तिनं ते घेतलं नाही. मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती डेनीसकडे गेली आणि तिला कोट घालायला मदत करू लागली. आधी उजवी बाही.

हे मी मराठीत लिहितेय. डेनीसला मराठी वाचता येत नाही, तिच्या बहिणीलाही नाही. मार्गरेटला नाही, त्या तीन माणसांना नाही. लिहायला बसले तेव्हा मला वाटलं होतं की ही माझी भाषा आहे म्हणून मी मराठीत लिहितेय. आता शेवटाकडे आल्यावर दिसतंय की हेही त्यातलंच आहे. तेही माझ्या नावावर धरा.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता, मागे बाळ रडत असताना, डेनीस नऊ म्हणाली होती. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तिच्या डोक्यानं काहीही जुळवलेलं नाही. ती नऊच म्हणाली होती.